एकट्याने बाइक टूर : आधी थांबे ठरवा, मग किलोमीटर

एकट्याने पाच-सात दिवसांची टूर करून आलेल्यांशी बोललं की बरेचदा तेच ऐकू येतं. पहिला दिवस झकास. दुसऱ्या दिवशी मुक्कामी पोचेपर्यंत अंधार. तिसऱ्या दिवसापासून बघायची ठरवलेली ठिकाणं एकेक करून गळायला लागतात आणि परतल्यावर सांगायला उरतो तो नुसता हायवे. दोष ना गाडीचा असतो ना पावसाचा. आधी रोजचे किलोमीटर ठरतात आणि ठिकाणं 'वाटेत लागतीलच की' म्हणून मागाहून कोंबली जातात, तिथेच सगळं फसतं.

क्रम उलटा हवा. खाली तोच टप्प्याटप्प्याने दिला आहे. सोबत दुसरी बाइक असेल तर यातल्या बऱ्याच गोष्टींत थोडी ढिलाई चालून जाते. एकटं असताना चालत नाही.

## टप्पा 1 : दिवस उजेडाच्या तासांत मोजा

हे काम निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी करा, आणि सुरुवात नकाशाने करू नका.

1. ज्या भागात जायचं तिथे त्या तारखांना सूर्य कधी उगवतो, कधी मावळतो ते लिहून घ्या. मावळायच्या दीड तास आधी गाडी मुक्कामाच्या दारात उभी हवी. हा दीड तास चैनीचा नाही. खोली पसंत पडली नाही तर दुसरी शोधायला, चेनला ल्यूब (वंगण) मारायला आणि उद्याचं पेट्रोल भरून ठेवायला तोच कामी येतो.

2. ठिकाणांच्या तीन याद्या करा: 'यासाठीच चाललोय', 'जमलं तर बघू' आणि 'वाटेत दिसलं तर थांबू'. पहिल्या यादीतलं एका दिवसात एकच ठिकाण ठेवा. दोन बसतात असं वाटत असेल तर बहुतेक वेळा हिशेबात काहीतरी राहिलेलं असतं.

3. पहिल्या यादीतल्या प्रत्येक ठिकाणाची साप्ताहिक सुट्टी आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ पाहा. बंद व्हायच्या वेळेच्या अर्धा-एक तास आधीच तिकीट देणं थांबवणारी ठिकाणं पुष्कळ असतात. जंगल, किल्ला, धरण अशा जागी दुचाकी कुठपर्यंत नेता येते हेही आधीच विचारून घ्या.

4. प्रत्येक मोठ्या थांब्याला बघण्याच्या वेळेखेरीज अर्धा तास वेगळा धरा. पार्किंग शोधणं, जॅकेट-ग्लव्ह्ज काढणं, सामान लावून-बांधून घेणं, प्रवेशद्वारापर्यंत चालत जाणं आणि परत येऊन तेच उलट्या क्रमाने करणं. कारवाल्याला हा वेळ लागत नाही, म्हणून कुठल्याच माहितीपत्रकात तो नसतो.

5. उरलेले तास राईडचे. गाडी प्रत्यक्ष चालू असताना चांगल्या हायवेवर तासाला 60, दुपदरी रस्त्यावर 45 आणि घाटात 30 किलोमीटर धरा. काट्यावर 80 दिसत असले तरी गावं, वळणं, ट्रकची रांग धरून सरासरी एवढीच पडते.

एक दिवस मांडून पाहू. सूर्योदय साडेसहाला, सूर्यास्त संध्याकाळी साडेसहाला. सातला निघालात आणि पाचला मुक्कामी पोचायचं, म्हणजे हातात दहा तास. मोठं ठिकाण बघायला तीन तास, त्यावर पार्किंग-जॅकेट-सामानाचा तो अर्धा तास. जेवण, पेट्रोल आणि दोन-तीन छोटे थांबे मिळून दीड तास. उरले पाच. हायवे असेल तर 300 किलोमीटर, घाट असेल तर 150. अशाच दिवसापुढे 'साडेचारशे' लिहिलेले आराखडे मी बरेच पाहिलेत. लिहिणाऱ्याने किल्ला बघायला शून्य मिनिटं धरलेली असतात, एवढंच.

6. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकाच गावात दोन रात्री काढा. मधल्या दिवशी सामान खोलीवर ठेवून रिकाम्या गाडीवर आजूबाजूची ठिकाणं बघायची. एकट्याच्या टूरमध्ये याइतका उपयोगी डाव दुसरा नाही. सामानाची चिंता नाही, हलकी गाडी खराब रस्त्यावरही निमूट चालते आणि काही बिनसलं तर दुरुस्तीला एक दिवस हाताशी असतो.

तपासणी : प्रत्येक दिवसापुढे हा प्रश्न विचारा: आज एक पंक्चर होऊन दीड तास गेला, तर काय गाळायचं? उत्तर 'जमलं तर बघू'मधलं एखादं ठिकाण असेल तर आराखडा ठीक आहे. उत्तर 'अंधारात चालवीन' असेल तर तो दिवस पुन्हा मांडा.

## टप्पा 2 : गाडी दहा दिवस आधी तयार करा

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करून घेणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. सर्व्हिसिंगमध्ये गाडी उघडली जाते, आणि उघडलेली गोष्ट नीट बंद झाली की नाही हे पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावरच कळतं. ऑइलच्या ड्रेन बोल्टमधून झिरपणं, ढिला राहिलेला नट, ब्रेक लाइटचा सुटलेला कनेक्टर हे घराजवळ लक्षात आलं तर दहा मिनिटांचं काम, परमुलखात अख्ख्या दिवसाचं. म्हणून दहा दिवस आधी सर्व्हिसिंग आणि त्यानंतर किमान 150 किलोमीटर राईड.

काय बघायचं:

टायर. नक्षीच्या खोबणीत तळाशी लहान उंचवटे असतात, तेच झिजेचे खुणेचे ठोकळे. रबर त्यांच्या पातळीजवळ आलं असेल तर टायर टूरआधीच बदला, 'अजून हजारेक किलोमीटर निघतील' या हिशेबाने नाही. टायरच्या बाजूला डीओटी (DOT) अक्षरांच्या ओळीत शेवटी चार अंक असतात, टायर कधी बनला ते सांगणारे: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2423 म्हणजे 2023 सालचा 24वा आठवडा. नवा टायर घातलात तर पहिले 150 किलोमीटर वळणावर गाडी फार झोपवू (कलवू) नका, त्याचा वरचा गुळगुळीत थर निघून जायला तेवढं अंतर लागतं.

चेन. ढिलाई किती हवी ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, कित्येक रोड बाइकना ते 20 ते 35 मिलिमीटरच्या दरम्यान असतं. एकाच जागी मोजून उठू नका. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा. एका जागी ताठ आणि दुसरीकडे सैल लागत असेल तर चेन असमान ताणली गेली आहे, ती आवळून काही होत नाही. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्या दातेरी चाकांवर फिरते त्यांचे, दात एका बाजूला आकड्यासारखे वाकलेले असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला.

ब्रेक. पॅडची जाडी आणि ब्रेक ऑइलचं वय बघा. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ओलावा शोषलेलं ऑइल लांब उतारावर तापून उकळलं की लिव्हर थेट हँडलला टेकतो. दोन वर्षं झाली असतील तर बदलून घ्या.

क्लच केबल. लिव्हरजवळच्या टोकाची एखादी तार जरी तुटलेली दिसली तरी केबल बदला. जास्तीची नवी केबल जुन्या केबलच्या शेजारूनच ओवून, दोन्ही टोकं झाकून बांधून ठेवा. मग वाटेत केबल तुटली तरी टाकी न उतरवता फक्त टोकं जोडायची असतात.

बॅटरी, दिवे, हॉर्न, कूलंट हे सर्व्हिसिंगवाला बघेलच, तुम्ही फक्त विचारून खात्री करून घ्या.

यानंतर खरा अभ्यास. टूरवर जी हत्यारं नेणार आहात फक्त तीच वापरून घरी मागचं चाक एकदा काढून बसवा, फ्यूज बदला, चेन आवळा. यातच कळतं की हवेच्या गनने आवळलेला ॲक्सलचा नट गाडीसोबतच्या पान्याने हलत नाही. किंवा गाडीला मेन स्टँडच नाही, मग चाक काढायचं कसं? हे प्रश्न घरी पडलेले बरे.

तपासणी : टाकी फुल केल्यापासून रिझर्व्हचा दिवा लागेपर्यंत, सामान लादून, किती किलोमीटर होतात ते एकदा मोजा. टूरवर त्याच्या दोन-तृतीयांश अंतरावर पुढचं पेट्रोल भरायचं. कंपनीने सांगितलेलं ॲव्हरेज इथे कामाचं नाही.

## टप्पा 3 : सामान

सगळ्यात आधी गाडीच्या पुस्तकातली वजनाची कमाल मर्यादा बघा. त्यात चालवणारा, त्याचे कपडे-हेल्मेट, सामान आणि बॅगा चढवायचा रॅक हे सगळंच आलं. 'डबलसीट चालते म्हणजे मागच्या माणसाएवढं सामान चालेल' हा हिशेब मागच्या सीटपुरता खरा, त्यामागच्या रॅकसाठी नाही. मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे लटकणारं वजन पुढचं चाक हलकं करतं, आणि वेगात हँडल थरथरायला लागतं.

1. हत्यारं, पाणी, सुटे भाग असं जड सामान खाली आणि तुमच्या जवळ ठेवा. सॅडलबॅगच्या (मागे दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगांच्या) तळाशी, पुढच्या बाजूला.
2. दोन्ही सॅडलबॅगा वजनकाट्यावर ठेवून सारख्या करा. हातात धरून अंदाज घेऊ नका.
3. कपडे आणि हलकं सामान टेल बॅगेत, सीटवर, तुमच्या पाठीला टेकेल असं.
4. टाकीवर लावायच्या टँक बॅगेत फक्त तेच, जे गाडी सोडताना सोबत न्यायचं: कागदपत्रं, पैसे, कॅमेरा, चार्जर, औषधं. एका हाताने उचलता येईल एवढीच ठेवा.
5. रेनसूट आणि पंक्चर किट सगळ्यात वर, बॅग न उघडता हाताला येईल अशा जागी.

बांधायला पट्टेच वापरा, बकलचे. बंजी कॉर्ड, म्हणजे हुकवाली रबरी दोरी, ताणते, सैलावते, आणि तिचा हुक सुटला तर तो डोळ्यावर किंवा चाकात जातो. पट्ट्याचं उरलेलं टोक गुंडाळून गाठ मारा. वाऱ्यावर फडफडणारं टोक मागच्या चाकात किंवा चेनमध्ये अडकलं तर चाक जागच्या जागी लॉक होतं. सायलेन्सरपासून बॅग किती लांब आहे तेही सीटवर बसून बघा, कारण वजन आल्यावर सस्पेन्शन खाली बसतं आणि अंतर कमी होतं.

सामान चढलं की तीन गोष्टी बदलायच्या असतात आणि लोक बहुधा एकच बदलतात. टायरमधली हवा गाडीच्या पुस्तकातल्या लोडच्या आकड्यावर न्या, टायर थंड असताना. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, वाढवा. आणि हेडलाइट खाली घ्या, कारण मागचा भाग दबला की प्रकाश समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि तुमचा रस्ता मात्र अंधारात राहतो.

तपासणी : पूर्ण सामानासह तीस-चाळीस किलोमीटर फिरून या. त्यात एक जोराचा ब्रेक, एक अरुंद यू-टर्न आणि एक चढावरचा स्टार्ट हवाच. घरी आल्यावर पट्टे हाताने ओढून बघा. जो सैल झाला असेल तो चुकीच्या जागी बांधलाय.

## टप्पा 4 : घरी एकाच माणसाशी ठरवून ठेवा

दहा जणांच्या ग्रुपवर लाइव्ह लोकेशन टाकणं म्हणजे कोणीच न बघणं. एक माणूस ठरवा. त्याच्याकडे रोजचा मार्ग, मुक्कामाचं ठिकाण, गाडीचा नंबर आणि रक्तगट लिहून द्या. दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, एक ओळीचा निरोप: निघालो, पोचलो. मुख्य म्हणजे निरोप आला नाही तर त्याने काय करायचं हे आधी ठरवा. उदाहरणार्थ, दोन तास वाट बघायची, मग फोन, मग मुक्कामाच्या ठिकाणी फोन, मग त्या भागातल्या पोलिसांना. रेंज नसलेला पट्टा लागणार असेल तर तेही आधी सांगा, नाहीतर तुम्ही दरीत फोटो काढत असाल आणि घरी रडारड सुरू.

लायसन्स, गाडीचे कागद, विमा यांच्या छापील प्रती मूळ कागदांपासून वेगळ्या बॅगेत. लागणाऱ्या भागाचे नकाशे फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा. संपर्काचा नंबर फोनच्या लॉक स्क्रीनवर दिसू द्या आणि एका कागदावर लिहून जॅकेटच्या आतल्या खिशातही असू द्या. 112 हा आपत्कालीन नंबर अनेक देशांत चालतो. तुम्ही जाताय तिथला कोणता, ते निघण्यापूर्वी पाहून ठेवा.

## टप्पा 5 : रोजची राईड

सकाळी सामान चढवण्याआधी गाडीभोवती एक फेरी. खाली ऑइलचा डाग आहे का, टायरमध्ये काही घुसलंय का, चेन कोरडी दिसते का, दिवे लागतात का. हे सामान चढवल्यावर करायचा कंटाळा येतो, म्हणून आधी.

ल्यूब मात्र संध्याकाळी, पोचल्या पोचल्या, चेन गरम असताना मारा. रात्रभरात ते आत मुरतं. सकाळी निघताना मारलेलं ल्यूब निम्मं रिमवर आणि बॅगेवर उडतं. साधारण दर 500 किलोमीटरला, आणि पावसात भिजल्यावर लगेच. चेन पुसायला रॉकेल चालतं, पेट्रोल नको. चेनमधल्या रबरी सीलचं ते नुकसान करतं.

राईडचा मोठा तुकडा सकाळी उरकून मोठं ठिकाण दुपारआधी गाठायचं की आधी ठिकाण बघून मग निघायचं? मी पहिल्याच्या बाजूने. सकाळी रस्ता रिकामा असतो, डोकं ताजं असतं. शिवाय दुपारी दोन ते चार ही अनेकांना पेंग येण्याची वेळ, आणि नेमकी तेव्हा पायी फिरण्यात गेलेली बरी. अपवाद उघड्या डोंगरमाथ्यांचा. तिथे भर दुपारी जाण्यात अर्थ नाही, ते सकाळीच उरका.

दर दीड-दोन तासांनी उतराच, दमला नसाल तरी. हेल्मेट काढून पाच मिनिटं चाला, पाणी प्या. वाऱ्यात घाम जाणवत नाही, त्यामुळे शरीरातलं पाणी कधी कमी झालं ते कळत नाही. 80-90 च्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज सहज 90 डेसिबलच्या वर जातो. संध्याकाळचा थकवा बराचसा याचाच असतो. जिथे कायद्याने चालतं तिथे इअरप्लग वापरून बघा.

सावधान : गेले दोन-चार किलोमीटर कसे आले ते आठवत नाही, गिअर कुठला आहे हे दोनदा बघावं लागतंय, गाडी रस्त्यावरच्या पट्ट्याकडे सरकतेय. यातलं एकही झालं तर पुढचं गाव गाठायच्या भानगडीत पडू नका. सुरक्षित जागा बघून थांबा, पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा. हेल्मेटची काच उघडून वारा घेण्याने किंवा गाणं म्हणण्याने झोप जात नाही.

पावसाबद्दल एवढंच: रेनसूट पाऊस सुरू व्हायच्या आधी चढवायचा असतो. समोरून येणाऱ्या गाड्या ओल्या दिसल्या की थांबा. पहिली दहा-पंधरा मिनिटं सर्वांत निसरडी, कारण रस्त्यावरचं तेल आणि धूळ तेव्हा वर येते. पांढरे पट्टे, पुलाचे लोखंडी जोड, झाकणं यांवर ना ब्रेक, ना गाडी झोपवणं.

थंडीचा हिशेब लोक हमखास चुकवतात. 10 अंश तापमानात 80 च्या वेगाने चाललात तर उघड्या त्वचेला ते साधारण 4 अंशांसारखं लागतं. बोटं बधिर झाली की ब्रेकचा अंदाज जातो. तेव्हा स्वेटरपेक्षा वारा अडवणारा थर आधी, आणि ग्लव्ह्जचा दुसरा जोड सोबत.

लांब उतारावर ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक अधूनमधून आणि ठाम मारा. सतत घासत ठेवू नका. वळणावर जिथे जायचं तिकडे बघा, कठड्याकडे नाही. नजर जिथे जाते गाडी तिकडे जाते.

2500 मीटरच्या वर मुक्काम असेल तर वेळापत्रकाला मुरड घालावी लागते. 3000 मीटरनंतर मुक्कामाची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली तर आणखी वर जायचं नाही, आणि वाढतच गेली तर खाली उतरायचं. गाडीचीही ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्के कमी होते, तेव्हा ओव्हरटेकला जागा जास्त लागते.

## टप्पा 6 : ठिकाणावर थांबणं

इथे मार्गदर्शक लेख बहुधा गप्प असतात, आणि एकट्या रायडरची सगळी पंचाईत इथेच असते. सामान लादलेली गाडी सोडून तीन तास आत जायचं कसं?

1. जागा निवडा. घाईने पहिल्या मोकळ्या जागेत गाडी घुसवू नका. तिकीटखिडकी किंवा पैसे घेणारं पार्किंग, जिथे दिवसभर कोणीतरी बसलेलं असतं, ती जागा सगळ्यात बरी. जमीन कडक आणि शक्यतो सपाट हवी. उतार असेल तर गाडीचं तोंड चढाकडे आणि पहिला गिअर टाकून. तापलेल्या डांबरात किंवा वाळूत साइड स्टँड हळूहळू रुततो आणि तासाभराने गाडी आडवी होते. तळहाताएवढी लाकडी किंवा प्लास्टिकची चकती सोबत ठेवा, स्टँडखाली घालायला. निघताना मागे ढकलावी लागणार नाही अशीच उभी करा. लादलेली गाडी चढावर एकट्याला मागे नेता येत नाही.

2. काढायचा क्रम ठरलेला ठेवा. किल्ली काढून नेहमीच्या एकाच खिशात. ग्लव्ह्ज हेल्मेटमध्ये. मग एक लांब स्टीलची केबल जॅकेटच्या बाहीतून आणि हेल्मेटच्या हनुवटीसमोरच्या आडव्या भागातून ओवून गाडीच्या फ्रेमला लॉक. केबल फक्त हेल्मेटच्या पट्ट्यातून घालू नका, पट्टा कात्रीने कापता येतो. जॅकेट गरम सायलेन्सरवर लोंबत नाही ना ते बघा.

3. बूट बदला. राईडचे बूट घालून चारशे पायऱ्या चढल्या की संध्याकाळी गिअर टाकायला घोटा वळत नाही. हलके बूट टेल बॅगेत वरच ठेवा.

4. टँक बॅग खांद्याला, पाण्याची बाटली हातात. गाडीचा, मागे एखादी खूण दिसेल असा, फोटो काढा.

5. फोनमध्ये परतायच्या वेळेचा गजर लावा. 'बघू किती वेळ लागतो' म्हणत आत गेलात की टप्पा 1 मधला सगळा हिशेब तिथेच संपला.

डिस्क लॉक (ब्रेकच्या चकतीला लावायचं कुलूप) लावत असाल तर त्याची रंगीत आठवण-दोरी हँडलला अडकवल्याशिवाय आत जाऊ नका. लॉक विसरून गाडी हलवली की एक हातभर पुढे जाऊन ती तशीच आडवी होते, सगळ्यांसमोर. परत आल्यावर आधी एक फेरी: टायर, पट्टे, लॉक. मग हेल्मेट.

फोटोसाठी पटकन थांबणं हा वेगळाच प्रकार. देखावा नेमका वळणावर असतो आणि वळणावर थांबणं हा सगळ्यात वाईट पर्याय. पूर्ण गाडी रस्त्याच्या बाहेर जाईल आणि दोन्हीकडून येणाऱ्यांना लांबून दिसेल अशी जागा मिळेपर्यंत पुढे जा, नसेल तर फोटो सोडा. कडेच्या सुट्या खडीवर उतरताना पुढचा ब्रेक जपून. खडीत पुढचं चाक घसरून उभ्या-उभ्या पडणारे खूप.

## टप्पा 7 : एकटं असताना गाडी अडली तर

ट्यूबलेस टायरचं पंक्चर. खिळा दिसला की लगेच उपटू नका. हवा हळू जात असेल तर आधी सावलीत, सपाट जागी पोचा, मग किट पसरा.

1. खिळा पक्कडीने काढा आणि तो कोणत्या कोनात शिरला होता ते लक्षात ठेवा. पुढची सगळी हत्यारं त्याच कोनात जाणार.
2. कानशीसारखा खरखरीत रीमर भोकात घालून पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. भोक मोठं होतंय म्हणून घाबरू नका, कडा खरखरीत झाल्याशिवाय प्लग धरत नाही.
3. चिकट पट्टी सुईच्या नेढ्यातून अर्ध्यापर्यंत ओढा, सोल्यूशन लावा.
4. दोन्ही हातांनी जोर लावून सुई आत घाला. पट्टीची टोकं साधारण दीड सेंटिमीटर बाहेर उरली की थांबा आणि सुई एका झटक्यात सरळ बाहेर ओढा. हळू ओढलीत तर पट्टीही तिच्यासोबत बाहेर येते.
5. बाहेरची टोकं दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा. हवा भरा. वरून थोडं पाणी किंवा थुंकी लावून बुडबुडे येतात का बघा.
6. दहा किलोमीटरवर थांबून हवा पुन्हा मोजा.

हा इलाज नक्षीच्या भागापुरताच. टायरची बाजू फाटली असेल तर प्लग लावून चालवू नका, मदतच मागवा. प्लग लावलेल्या टायरवर वेग कमी ठेवा आणि पहिल्या मोठ्या गावात आतून पॅच मारून घ्या. हवेसाठी 16 ग्रॅमची गॅस कार्ट्रिज नेणार असाल तर मागच्या टायरला एक पुरत नाही. गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप जास्त भरवशाचा.

ट्यूब असलेला टायर असेल तर सोबत दोन्ही मापांच्या ट्यूब आणि टायर लिव्हर हवेत, आणि टप्पा 2 मधली रंगीत तालीम झालेली हवी. झाली नसेल तर लिव्हरने नवी ट्यूबच चिमटली जाण्याची शक्यता जास्त.

गाडी आडवी झाली. इंजिन आणि किल्ली बंद करा. सामान आधी उतरवा. लादलेली गाडी उचलण्याच्या नादात पाठ गेली तर टूर तिथेच संपली. गिअरमध्ये टाका म्हणजे घसरणार नाही. गाडी स्टँडच्या उलट बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा. हँडल पूर्ण वळवा, सीटला पाठ लावून खाली बसा, एक हात हँडलच्या खालच्या टोकाला, दुसरा मागच्या पक्क्या भागाला, आणि पायांनी रेटत छोट्या पावलांनी मागे जा. उचलल्यावर फ्यूएल इंजेक्शनची गाडी चालू होत नसेल तर किल्ली पूर्ण बंद करून पुन्हा फिरवा. बऱ्याच गाड्यांत पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, तो असाच रीसेट होतो. क्लच-ब्रेकचे लिव्हर वाकले असतील तर सरळ करायला जाऊ नका, तुटतील. वाकडे चालतात.

## टप्पा 8 : मधेच बदल आणि परतीचा दिवस

दिवस हातातून चाललाय हे दुपारी एक वाजता कळलं पाहिजे, पाचला नाही. एकला घड्याळ बघा. तासाभराने मागे असाल तर 'जमलं तर बघू'मधलं एक ठिकाण तिथल्या तिथे काटा. वेग वाढवून तास भरून निघत नाही. 100 किलोमीटरचा पट्टा 80 ऐवजी 90 ने कापलात तर जेमतेम आठ-नऊ मिनिटं वाचतात, तीही रस्ता रिकामा असेल तर.

परतीच्या दिवशी कुठलंच मोठं ठिकाण ठेवू नका, आणि अंतर इतर दिवसांपेक्षा कमी ठेवा. रस्ता ओळखीचा व्हायला लागला की लक्ष सैल पडतं, घराची ओढ असते, थकवा साचलेला असतो. सुट्टीचा शेवटचा दिवसही त्यासाठी वापरू नका. मधे एक दिवस मोकळा असला की कुठेतरी पावसात अडकलात तर निमूटपणे मुक्काम वाढवता येतो.

घरी पोचलात की ठरवलेल्या माणसाला शेवटचा निरोप द्या. दुसऱ्या दिवशी सामान उतरवून गाडी धुवा, चेन साफ करून ल्यूब मारा, प्लग मारलेला टायर असेल तर दाखवून घ्या. आणि हवा, प्रीलोड, हेडलाइट तिन्ही पुन्हा एकट्याच्या मापावर आणा. नाहीतर रिकाम्या गाडीचं मागचं चाक खड्ड्याखड्ड्यावर उडत राहील.